वाचक विचारतात : वाडग्यात लिहिलेलं पत्र

प्रश्न : सर्वपित्रीला गच्चीवर पान ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत होतो. आठवीतला मुलगा म्हणाला, "आई, इजिप्तचे लोकही मेलेल्यांना जेवण ठेवायचे. ममीला भूक लागते असं मानणारे ते लोक वेडेच होते ना?" मला उत्तर सुचलं नाही. आणि साध्या माणसांच्याही ममी करत का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, आधी तुमच्या मुलाला माझी शाबासकी सांगा. गच्चीवरचं पान आणि नाईलकाठचं थडगं यांची जोड त्याने आपणहून लावली. 'वेडे' हा शब्द मात्र त्याने परत घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

माणूस गेला तरी त्याची जीवनशक्ती मागे उरते, असं इजिप्तचे लोक मानत. तिला ते 'का' म्हणत, आणि या 'का'ला अन्न लागे. थडग्यांवर "हजार भाकरी, हजार घागरी बिअर" असं कोरलेलं सापडतं. (ती बिअर म्हणजे सातूची, आपल्या आंबिलीसारखी दाट, लहानथोर सगळे रोज प्यायचे.) काही थडग्यांवर तर वाटेने जाणाऱ्याला विनंती असते : जवळ द्यायला काही नसेल तर हे शब्द नुसते तोंडाने म्हण, तुझा श्वासच काय तो खर्च होईल. तर्पणाला आपण नाव-गोत्र उच्चारून पाणी सोडतो, ते आठवा.

पण मुलाला सांगायचीच असेल तर ही गोष्ट सांगा. ही माणसं मेलेल्यांना पत्रं लिहीत. मातीचा साधा वाडगा घ्यायचा, आतल्या बाजूने शाईने मजकूर लिहायचा, त्यात अन्न घालून थडग्यापाशी ठेवायचा. गेलेला माणूस जेवायला येणार, वाडगा रिकामा होणार आणि तळाशी पत्र दिसणार. असा एक वाडगा जवळपास चार हजार वर्षांपूर्वीचा आहे. देदी नावाच्या बाईने तो इंतेफ या पुजाऱ्याला लिहिलाय. बहुधा तो तिचा नवरा. घरातली कामवाली मुलगी आजारी आहे. देदी त्याला खडसावते, तिच्यासाठी तू रात्रंदिवस झगडत का नाहीस? ती आहे म्हणून तुझं घर उभं आहे, ती गेली तर ते मोडेल.

नेदरलँड्समधल्या लायडनला असंच एक पत्र आहे, पपायरस या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचं. अंखिरी या गेलेल्या बायकोला नवरा विचारतो, मी तुझं काय वाईट केलं म्हणून तू मला त्रास देतेस? तरुणपणी तुला घरात आणलं, मोठ्या हुद्द्यावर गेलो तरी सोडलं नाही, तुला गुंडाळायला चांगलं कापड दिलं, आणि तीन वर्षं झाली, दुसरं घर केलं नाही.

माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्या फोटोपुढे खिरीची वाटी ठेवताना मी अजून तिच्याशी बोलतो. मागच्या वर्षी बहीण दवाखान्यात होती, तेव्हा आईलाच म्हटलं, आता तूच बघ गं. देदीचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं ते त्याच आठवड्यात, आणि वाचून किती तरी वेळ नुसता बसून राहिलो.

आता ममीबद्दल. सगळा विधी सत्तर दिवसांचा. आतले अवयव काढून शरीर नेट्रॉन या खारात सुकवायचं, मग तागाच्या पट्ट्यांत गुंडाळायचं. हृदय मात्र जागेवरच ठेवायचं, कारण परलोकात ते सत्याच्या पिसासमोर तोललं जाणार. हे सगळं फार खर्चाचं काम. गरिबाला चटईत गुंडाळून वाळूत पुरत. मधल्या लोकांना ऐपतीप्रमाणे. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं देर अल-मदिना नावाचं गाव होतं. तिथली एक हजेरी चुनखडीच्या कपच्यावर लिहिलेली सापडली, दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीतल्या 40व्या वर्षाची. कोण कामावर का आला नाही, ते त्यात टिपलंय : विंचू चावला, आजारी, घरी बिअर करत होता. आणि एका नावापुढे लिहिलंय, आईला गुंडाळत होता.

प्रश्न : इजिप्तमध्ये तेव्हा नाणी नव्हती म्हणे. मग कामगारांना पगार कसा देत?
– एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : धान्यात. वर सांगितलेल्या गावातल्या साध्या कारागिराला महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोतं सातू मिळे. त्यांचं पोतं म्हणजे साधारण 76 लिटरचं माप. गहू आपल्याकडच्या खपलीच्याच जातीचा, कांडल्याशिवाय टरफल न सोडणारा. शिवाय मासे, भाजी, तेल, कपडा.

हे धान्य थकलं की काय होई, तेही लिहून ठेवलेलं आहे. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीतल्या 29व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी 1157च्या सुमारास, धान्य आलंच नाही. कारागीर हातातलं काम टाकून निघाले आणि देवळामागे जाऊन बसले. इतिहासात नोंद झालेला हा पहिला संप. 1877 मध्ये आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये मजुरीच्या दरावरून झालेला संप ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांकडून ऐकलेला असेल, त्यांना तो परका वाटणार नाही. अधिकारी समजूत घालायला आले, तेव्हा कारागीर काय म्हणाले ते कारकुनाने पपायरसवर टिपून ठेवलंय : भुकेने आणि तहानेने आम्ही इथवर आलो. अंगाला कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. आमच्या राजाला हे कळवा.

मागच्या महिन्याचं थकलेलं धान्य त्यांना मिळालं.