कृषीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या भावासाठी

भाऊ, अकोल्यात प्रवेश मिळाला, झकास. आता वहीआधी डवरा, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं औत, धर.

सगळ्यात आधी वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, ओळखायला शीक. काळी माती मुठीत दाबायची. बोट लावताच गोळा भुरभुरला तर डवरणी, हाताला चिकटली तर सरळ होस्टेलवर जा. मी घाईत ओल्यात औत घातलं, ढेकळं दिवाळीपर्यंत पायाला टोचत होती.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं खत, अंदाजाने नको. 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, तितकंच गोमूत्र, गूळ-बेसन 2-2 किलो, बांधावरची मूठभर माती, ड्रम सावलीत.

कपाशीवर अळी दिसली की लगेच पंप पाठीवर घेऊ नको. आधी 20 झाडांवरच्या अळ्या मोज, किडी खाणारे ढालकिडेही मोज.

सेंद्रिय शेतीची प्रमाणपत्रं, निर्यात सध्या राहू दे. निंदणाऱ्या बायांना विचारत जा. तुरीवरची मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, त्यांना आधी दिसते.