‘नुसतं पित्त’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

*“वय ४६. दोन वर्षं छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला ‘ग्रेड सी’ जखमा निघाल्या. आठ आठवडे गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, मीच बंद केल्या. महिन्याभरात पुन्हा तेच. आता रात्री बसून झोपते. नवरा साडेदहाला घरी येतो, त्याच्यासाठी जेवायची थांबते. घरचे म्हणतात, नुसतं पित्त आहे, बाऊ करू नकोस. मला कॅन्सरची भीती वाटते, पण बोलवत नाही.” – जागी*

प्रिय जागी,

आधी जेवणाचं बोलते, कारण पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय आणि माझं मन तिथंच अडलं. साडेदहाला जेवून अकराला आडवं व्हायचं, हे तुमच्या अन्ननलिकेला झेपणारं नाही. जेवण आणि झोप यांत निदान तीन तास हवेत. तेव्हा तुम्ही आठला जेवा. नवरा आला की त्याच्यासमोर बसा, गप्पा मारा, ताट फक्त त्याचं असू द्या. सोबत करायला भुकेलं राहावं लागत नाही. चार दिवस चुकल्यासारखं वाटेल, वाटू द्या.

आता ‘नुसतं पित्त’. जठर आणि अन्ननलिका यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर येतं. जठराच्या अस्तराला ते सोसतं, अन्ननलिकेच्या अस्तराला नाही. ए ते डी अशा चार पायऱ्यांत तुमची सी, म्हणजे तिसरी. याला बाऊ म्हणत नाहीत, जखम म्हणतात. रिपोर्ट कपाटातून काढा आणि नवऱ्याला वाचायला द्या.

गोळ्यांबाबत मात्र तुमच्यावर थोडी रागावणार आहे. जळजळ थांबली म्हणजे जखम भरली असं नसतं. सी-डीच्या रुग्णांना बहुतेकदा पुढेही औषध चालू ठेवावं लागतं. शिवाय आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्या एकदम सोडल्या की काही दिवस आम्ल उलट जास्तच तयार होतं. किती दिवस घ्यायच्या, डोस कसा कमी करायचा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. या गोळ्या सहसा जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. पुष्कळजण त्या जेवणानंतर घेतात आणि मग गुण येत नाही म्हणून औषधालाच नावं ठेवतात!

भीतीचं खरं सांगते. वर्षानुवर्षं आम्ल लागत राहिलं तर काहींच्या अन्ननलिकेचं अस्तर बदलतं. त्याला बॅरेट म्हणतात. त्यातून कॅन्सर होऊ शकतो, पण बॅरेट असलेल्यांपैकीही बहुतेकांना तो कधीच होत नाही. सूज असताना बॅरेट नीट दिसत नाही, म्हणून सी ग्रेडला औषधोपचारानंतर पुन्हा एंडोस्कोपी करतात. तुमची झाली का? पत्रात उल्लेख नाही. नसेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. रात्री अंधारात एकटीनं घाबरत बसण्यापेक्षा ती तपासणी सोपी आहे.

घास अडकायला लागला, विनाकारण वजन उतरलं, तर एंडोस्कोपीच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर तडक इस्पितळ गाठा. छातीत दाबल्यासारखं होऊन हाताकडे, जबड्याकडे कळ गेली, दरदरून घाम आला, तर ते पित्त समजायचंच नाही. तिथं हृदयाची तपासणी आधी.

खाण्याच्या याद्या मी देत नाही. एकाला जे बाधतं ते दुसऱ्याला बाधेलच असं नाही. दोन आठवडे वहीत लिहा, काय खाल्लं, कधी जळजळलं. तुमची यादी तुम्हालाच सापडेल. पोटावर घट्ट कपडे नकोत, तंबाखू असेल तर ती सुटायला हवी, आणि वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो.

आणि हो, ते बसून झोपणं थांबवा. उशांची चळत रचून पोट मुडपतं, त्रास वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचे भक्कम ठोकळे लावायचे आणि डाव्या कुशीवर झोपायचं. पलंग उचलायला दोन माणसं लागतील. एक नवरा. त्याच रात्री ठोकळे सरकवता सरकवता त्याला ती कॅन्सरची गोष्टही सांगून टाका. हात गुंतलेले असले की असलं बोलणं जरा सोपं जातं.

तुमची,
ताई