ग्राउंडची तयारी करतोयस, पण गोळ्याचं काय?

भावा, रोज पहाटे पळतोस ते ठीक, पण गोळा कधी हातात घेतलास का? पोलीस शिपाई भरतीत मुलांचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० गुणांचं: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीलाही १५. गोळा ७.२६० किलोचा. नुसत्या हातानं फेकशील तर खांदा धरेल. जोर पायातून, कमरेतून यायला हवा. पहिल्या भरतीत मी तिथंच मार खाल्ला. आठवड्यातून तीन दिवस तरी गोळा फेक.

१६०० ला ४०० च्या ट्रॅकवर चार फेऱ्या होतात, पहिलीतच जीव काढू नकोस. डांबरीवर रोज पळालास तर नडगी दुखणारच, मातीचं मैदान शोध. आणि शूज नवे घ्यायचे तर महिनाभर आधी घे.