पाइप कापण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, व्हिडिओही सगळे बघितले. घाटात पिकअप ओढत नाही, म्हणून सायलेन्सर कापून रिमॅप (कॉम्प्युटरमधला डिझेलचा हिशेब बदलणं) करू का, असं विचारलंस, त्याचं उत्तर आधी देतो. हो, सायलेन्सर मोकळा केला आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये डिझेल वाढवलं की ताकद वाढते. वीस टक्के तर सहज वाढते. त्या लॅपटॉपवाल्याने तुला खोटं काही सांगितलेलं नाही. पण तो गाडी रिकामी पळवून दाखवणार आणि तू ती भरून आंबा घाट चढवणार, एवढा फरक आहे.

व्हिडिओ अमेरिकेतले आहेत. तिथल्या पिकअपला ६.७ लिटरची इंजिनं असतात, तुझ्या बॉनेटखाली अडीच लिटर आहे. आणि तिथेही हे उद्योग कायद्यात बसत नाहीत. त्यांच्या पर्यावरण खात्याने २०२० साली हिशेब मांडला, तेव्हा धुराची यंत्रणा काढून टाकलेल्या डिझेल पिकअप साडेपाच लाखांवर निघाल्या होत्या. काळा धूर सोडून दाखवायची हौस तिकडे फार. मला तो धूर दिसला की पंपावर दिलेले पैसे हवेत जाताना दिसतात, दुसरं काही नाही.

डिझेल इंजिनाची ताकद किती डिझेल मारलं यावर ठरते, पण ते जळायला हवा पुरली पाहिजे. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त झालं, की अर्धवट जळलेलं कार्बन होऊन मागून बाहेर पडतं. उलट नुसता पाइप मोकळा केलास आणि डिझेल तेवढंच ठेवलंस, तर टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) जरा लवकर उठेल, आवाज वाढेल आणि ताकद वाढल्यासारखं वाटेल. ते बरंचसं कानाचं समाधान. ताकद वाढवणारा बॉक्स म्हणून जे विकतात ते तर त्याहून वाईट. तो बॉक्स रेलच्या (इंजेक्टरना प्रेशरचं डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) सेन्सरचा आकडा कमी करून कॉम्प्युटरला दाखवतो, आणि कॉम्प्युटर बिचारा प्रेशर वाढवत बसतो. जुन्या पंपाच्या गाड्यांना सील तोडून स्क्रू पाव आटा फिरवायचे, त्याचीच ही नवी आवृत्ती.

आता घाटाकडे ये. मोकळ्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद लागतो. साखरप्यापासून वर आंब्यापर्यंत तो मिनिटांच्या हिशेबात दाबलेला असतो, तोही एप्रिलच्या उन्हात, दुसऱ्या गिअरात, रेडिएटरला वारा नसताना. वाढवलेलं सगळं डिझेल तिथे उष्णता होतं. टर्बोच्या तोंडाशी धुराचं तापमान ७०० ते ७५० अंशांच्या वर जाऊन तिथेच राहिलं, तर आधी टर्बो रडतो, मग हेड गॅस्केट. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पिस्टनचा धातू त्याच्याही बराच आधी मऊ पडतो. पिस्टनला खालून ऑइलचा फवारा मिळतो म्हणून तो टिकतो, पण त्या फवाऱ्याचा हिशेब कंपनीच्या डिझेलवर केलेला आहे. क्लच प्लेटचंही तेच. तुझ्या इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटरच्या आसपास. तो २५० केलास की प्लेट पहिल्या सीझनलाच वास मारायला लागेल.

मला खरं खटकतंय ते वेगळंच. तू म्हणतोस गाडी ओढत नाही. कागद-पेन्सिल घे. गाडी आणि माल मिळून ३ टन धर, चढ ६ टक्के, वेग ताशी ३०. याला चाकांवर साधारण २४ अश्वशक्ती लागते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये जाते ती धरून तीस म्हण. तुझं इंजिन ७५ च्या घरातलं. म्हणजे निम्म्याहून कमी ताकदीत गाडी चढायला हवी. चढत नसेल तर तीनच गोष्टी: माल पासिंगपेक्षा (कागदावर मंजूर वजनापेक्षा) जास्त आहे, गिअर चुकतोय, नाहीतर असलेली ताकद कुठेतरी गळतेय. मालाचं तू आणि वजनकाटा बघून घ्या. गिअरचं सांगतो. आरपीएम दीड हजाराखाली जायच्या आत खालचा गिअर टाक, इंजिन गुदमरेपर्यंत वाट बघू नकोस.

गळती शोधायला खर्च नाही. एअर फिल्टर काढून उन्हात धर, उजेड आरपार येतोय का बघ. डिझेल फिल्टरचा खालचा नट ढिला करून पाणी निघतंय का बघ. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होसवर, क्लिपजवळ, ऑइलचा ओला पट्टा आणि त्यावर धूळ बसलेली दिसली, तर तिथून टर्बोची हवा निघून जातेय. घाट उतरून सपाटीला आलास की थांबून चारी हबजवळ हात ने. एकाच चाकाची धग जास्त लागली तर ब्रेक धरून ठेवतोय.

मग इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे. चारही इंजेक्टरच्या वरून परतीची बारीक नळी जाते. त्या नळ्या काढून प्रत्येकीला एकसारखी बाटली लाव, मूळची परतीची लाइन बंद कर आणि गरम इंजिन दोन-चार मिनिटं आयडलला ठेव. चारही बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं आलं पाहिजे. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट आलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. रेलमध्ये प्रेशर टिकत नाही, आणि चढावर नेमकं तेव्हाच गाडी मान टाकते. त्यावर रिमॅप मारलास तर झिजलेल्या इंजेक्टरकडून अजून काम मागशील. तो एक इंजेक्टर टेस्ट बेंचवर करून घे, त्यातच निम्मी तक्रार जाईल.

सायलेन्सरचा डबा मात्र कापायचा नाही. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत त्या डब्यात धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट असतो आणि काजळी धरणारा फिल्टर. फिल्टर तुंबला तरी गाडी ओढत नाही, हे खरं. पण तो सुमारे ६०० अंशांना स्वतःची काजळी स्वतः जाळतो, त्याला हायवेवर सलग पळवायला हवं. तू दिवसभर बंदरात आणि मार्केट यार्डात इंजिन चालू ठेवून उभा राहतोस, म्हणून तो भरतो. डॅशबोर्डवर त्या फिल्टरचा दिवा लागला की वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत पळव, नाहीतर स्कॅनर लावून जाळून घे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. कलम १८२-अ खाली एकेका बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. धूर आणि आवाजाचं कलम वेगळं, त्यात लायसन्सही तीन महिने अडकतं. तुझी मालाची गाडी, पासिंगला न्यावीच लागते. आणि अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा खाली वाकून बघतो. हप्ते चालू असताना हा खेळ परवडणारा नाही.

इतकं सगळं करूनही गाडी अडली तर उद्यमनगरात घेऊन ये, टर्बो आणि टॅपेट बघू. बाटल्या लावताना एकच काळजी घे. रेलकडून इंजेक्टरला जाणारे लोखंडी पाइप इंजिन चालू असताना ढिले करायचे नाहीत. त्यांत हजार-दीड हजार बार प्रेशर असतं. गळतंय का बघायला बोट लावू नकोस, पुठ्ठ्याचा तुकडा धर. तो फवारा कातडी फोडून आत जातो, वर नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत बोट सडत जातं. तसं झालंच तर मलम लावत बसू नकोस, तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि प्रेशरचं डिझेल आत गेलंय हे आधी सांग.

चार बाटल्यांचा फोटो पाठव.

तुझा,
काका