माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी? आणि पुराव्याचं काय?

तुमच्या प्रश्नात तीन शंका आहेत: माकडं अजून का आहेत, उत्क्रांती होताना कोणी पाहिली आहे का, आणि जीवाश्मांमधले ‘हरवलेले दुवे’ (म्हणजे दोन प्रकारांच्या मधले प्राणी) सोडले तर पुरावा तरी काय. पहिलीचं उत्तर लगेच देता येतं. आजची माकडं आपले पूर्वज नाहीत, आपली दूरची भावंडं आहेत. चिंपांझी आणि आपण साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एकाच पूर्वजापासून वेगळे झालो. तो पूर्वज आज नाही, त्याच्या दोन्हीकडच्या पिढ्या आहेत.

पुढे जाण्याआधी एक फोड करून घ्या, नाहीतर चर्चा नुसती गोल फिरते. सगळे सजीव समान पूर्वजांपासून बदलत बदलत आले, हा एक दावा. तो बदल कशामुळे झाला, हा वेगळा प्रश्न. डार्विन आणि वॉलेस यांनी १८५८ मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीला जुळणारे गुण असलेले जीव जास्त टिकतात आणि ते गुण पुढच्या पिढीत वाढतात, हे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ते अपुरं होतं, कारण गुण पुढच्या पिढीत नेमके कसे जातात हे डार्विनला माहीत नव्हतं. ती उणीव मेंडेलच्या कामातून, बरीच उशिरा भरून निघाली. मग १९६८ मध्ये जपानी जीवशास्त्रज्ञ किमुरा यांनी मांडलं की रेणूंच्या, म्हणजे डीएनएच्या, पातळीवरचे बरेचसे बदल ना फायद्याचे ना तोट्याचे असतात, ते निव्वळ योगायोगाने पसरतात. जीवशास्त्रज्ञांचे आजचे वाद असेच, कारणांमध्ये कुणाचा वाटा किती याचे. ते पहिल्या दाव्याविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे करणं ही जुनी चलाखी आहे.

पहिल्या दाव्यासाठी माझं आवडतं उदाहरण देवमाशाचं. तो सस्तन प्राणी, म्हणजे पूर्वज जमिनीवर चालणारे असणार. पण कोणते? जीवाश्म अभ्यासणाऱ्यांचा कौल बराच काळ मेसोनिकिड नावाच्या नामशेष प्राण्यांकडे होता, कारण दात जुळत होते. १९९० च्या दशकात डीएनए तपासणारे भलतंच सांगू लागले: देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा, म्हणजे देवमासा गायी-हरणांच्या समखुरी गटातला. जीवाश्मवाल्यांना हे पटेना. पण निकाल लावता येण्यासारखा होता. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातल्या एका हाडाला वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना कप्पीसारखी खाच असते, ती त्या गटाची ओळखच. फक्त पाय शाबूत असलेला प्राचीन देवमासा सापडायला हवा होता. २००१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी पाकिस्तानात सापडलेले असे जीवाश्म जाहीर केले. त्यातल्या एका गटाचे प्रमुख फिलिप गिंगरिच स्वतः मेसोनिकिडच्या बाजूचे होते. हाड दुहेरी कप्पीचं निघालं, आणि त्यांनी मत बदललं. पुढे २००७ मध्ये, भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोट परिसरातून गोळा केलेल्या खडकांतून इंडोहायस हा छोटा खुरवाला प्राणी पुढे आला. त्याच्या कानाचं हाड देवमाशांसारखं एका बाजूला जाड आहे.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की डीएनए आणि हाडं यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हाड साधं निघालं असतं तर डीएनएवाले तोंडघशी पडले असते.

असाच पुरावा आपल्या शरीरातही आहे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतः बनवतात. आपल्याला ते जमत नाही, कारण शेवटच्या पायरीचं जनुक मोडलेलं आहे. मोडलंय, पण गेलेलं नाही. त्याचे अवशेष आठव्या गुणसूत्रावर पडून आहेत. चिंपांझी आणि माकडांमध्येही तेच जनुक मोडलेलं, आणि मोडतोडीच्या खुणाही बऱ्याच सारख्या. गिनिपिगलाही हे जीवनसत्त्व बाहेरून लागतं, पण त्याचं जनुक वेगळ्या तऱ्हेने मोडलंय. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरं सारखी असली तर कुणी संशय घेत नाही. एकसारख्या विचित्र चुका दिसल्या की तपासनीस थांबतो. गुणसूत्रांचंही तेच. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४ जोड्या, आपल्यात २३. मग दोन कुठेतरी जोडली गेली असणार. आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मधल्या भागात, एरवी टोकांना असणारा डीएनए क्रम समोरासमोर चिकटलेला सापडतो.

आता ‘कोणी पाहिली का’. पाहिली, आणि मोजलीही. गालापागोसच्या डॅफ्नी मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ दांपत्य फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होते. १९७७ च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या. मोठ्या कठीण बिया फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी जास्त वाचले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. १९८३ च्या धुवाधार पावसानंतर बारीक बिया वाढल्या आणि कल उलटा झाला. निवडीला ध्येय नसतं, ते असं.

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जीवाणूंचे १२ चंबू सुरू केले आणि दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवले. हा जीवाणू एरवी हवेच्या सान्निध्यात सायट्रेट हे रसायन खाऊ शकत नाही. साधारण ३१,५०० पिढ्यांनी एका चंबूत तो ते खाऊ लागला. मग त्याच चंबूचे जुने नमुने वितळवून पुन्हा वाढवले. तेव्हा ही क्षमता फक्त २०,००० पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतूनच परत उगवली, म्हणजे आधीच्या कुठल्या तरी बदलाने वाट तयार करून ठेवली होती.

यावर ‘पण जीवाणू जीवाणूच राहिला ना’ असा प्रतिसाद येईल, नेहमी येतो. येऊ द्या. काही दशकांत त्याचं दुसरं काही व्हावं अशी अपेक्षा उत्क्रांतीची कधीच नव्हती. पाकिसेटस या चार पायांच्या प्राचीन देवमाशापासून पूर्णपणे पाण्यात राहणाऱ्या बॅसिलोसॉरस या देवमाशापर्यंत यायला साधारण एक कोटी वर्षं लागली, आणि त्यालाही मागचे इवलेसे पाय होतेच.