‘अबाइड विथ मी’ शिकताना

इंग्रजी येत नाही म्हणून उपासनेत ओठ मिटून बसू नकोस, पोरी. आधी मराठी बायबल उघड, लूक 24:29. अम्माऊस गावी शिष्य येशूला विनवतात, आमच्याजवळ राहा, संध्याकाळ होत आली. ‘अबाइड विथ मी’, म्हणजे ‘माझ्याजवळ राहा’, हे सगळं इंग्रजी ख्रिस्ती गीत त्याच विनवणीतलं. लिहिणारे हेन्री लाइट 1847 मध्ये क्षयानं गेले; चाल विल्यम मंक यांची, 1861ची.

मग ओळी देवनागरीत उतरव. माझी चिठ्ठी अजून उपासना संगीताच्या पुस्तकात आहे, घडीवर फाटलेली. आईच्या शेवटच्या रात्री तिच्या उशाशी तीच हातात होती. तिला एकही शब्द कळत नव्हता, पण ‘अबाइड’ म्हटलं की माझं बोट घट्ट धरायची.

भायखळ्याहून घरी जाताना लोकलमध्ये रोज एकच कडवं गुणगुण. चाल संथ आहे, ओळ संपल्यावरच श्वास घे.