सुट्ट्यांमध्ये प्राण्यांच्या शेल्टरसाठी वस्तू गोळा करायच्या आहेत. लोकांकडे काय मागावं?

खोका मांडायच्या आधी शेल्टरला फोन करा आणि "काय नको?" ते विचारा. "काय हवं?" असं विचारलंत तर "द्याल ते चालेल" हेच ऐकायला मिळेल, कारण देणाऱ्याला दुखवायला कुणी धजत नाही.

मी काही वर्षं शनिवार-रविवारी एका शेल्टरमध्ये मदतीला जाते. सुट्ट्यांतली मोहीम संपली की आमचे दोन दिवस पिशव्या निवडण्यात जातात. "जुनं काहीही द्या" म्हटलं की घरातली अडगळ येते. गेल्या खेपेला एका पोत्यात नुसत्या उशाच निघाल्या. उशी कुत्र्याच्या तोंडी लागली की कापूस खोलीभर होतो, आणि थोडा पोटातही जातो. आतडं अडलं तर थेट ऑपरेशन. टॉवेल आणि साध्या चादरी मात्र कितीही द्या, डाग पडलेल्यासुद्धा. मांजरीच्या नवजात पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. गरम पाण्याच्या बाटलीला टॉवेल गुंडाळून ती त्यांच्याजवळ ठेवावी लागते, आणि तो टॉवेल दिवसातून कितीदा बदलावा लागतो ते विचारू नका.

एकदा एक बाई त्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाचं अंथरूण, खेळणी आणि स्टीलची वाटी घेऊन आल्या. सगळं धुऊन, नीट घड्या घालून. पिल्लू कशानं गेलं विचारलं, तर म्हणाल्या, "पार्व्हो." हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणाला दाद देत नाही, आणि आत लस पूर्ण न झालेली पिल्लं होती. वाटी तेवढी ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवून घेतली. बाकीचं परत न्या, हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. त्यांनी खोका उचलला आणि काही न बोलता गेल्या. म्हणून तुमच्या सूचनेतच ठळक लिहा: आजारी किंवा आजारानं गेलेल्या प्राण्याचं सामान नको.

खाऊचं म्हणाल तर फोडलेली पाकिटं नकोत. शेल्टर रोज कोणतं खाणं देतं ते विचारून सगळ्यांनी तेच आणावं. दहा प्रकारची दहा पाकिटं आली आणि एकदम खाणं बदललं की जुलाब ठरलेले. गाईच्या दुधानंही मांजरीच्या पिल्लांचं पोट बिघडतं, त्यांच्यासाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती मागा. औषधं खोक्यात घेऊच नका. कुत्र्यांच्या गोचिडांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. वेष्टन नसलेली औषधाची सुटी नळी कुणासाठीची, हे कोण ओळखणार?

पैसे मागायची लाज वाटते, मलाही वाटायची. पण डॉक्टरांचं बिल टॉवेलनं भागत नाही, आणि खाणं शेल्टरला घाऊक भावात तुमच्या-माझ्यापेक्षा स्वस्त पडतं. खोक्याशेजारी पैशांची सोय ठेवाच.

शिवाय सगळं सुट्ट्यांतच नेऊन टाकू नका. तेव्हा आमच्या कोठीत पाय ठेवायला जागा नसते, नि दोन महिन्यांनी फळ्या रिकाम्या. अर्धं तुमच्याकडेच ठेवून नंतर पोचवलंत तर उत्तम. जाल तेव्हा दुपारी जा, सकाळी सगळ्यांच्या हातात झाडू आणि पाण्याचे पाइप असतात.